बाई, तुम्ही कोणाकडच्या?

राजापूर तालुक्यात शिक्षिकेची नोकरी करायची तर एका प्रश्नाला तयार राहावं लागतं. नव्या माणसाला कोकणात पूर्वी ‘गाव कुठलं, आडनाव काय’ असं विचारत. आमच्या भागात गेली काही वर्षं ‘तुम्ही कोणाकडच्या?’ असं विचारतात. प्रकल्पाच्या बाजूच्या की विरोधातल्या, एवढाच त्याचा अर्थ. मला हा प्रश्न विचारणारी मुलगी तिसरीत होती. खिचडीचं ताट हातात धरून तिने अगदी सहज विचारलं. मी म्हटलं, ‘मी शाळेकडची.’ तिने घास गिळला आणि विचारलं, ‘मग शाळा कोणाकडची?’

गावाचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणारा आधी बाजू शोधतो आणि मुलं मागे पडतात. सड्यावरचं गाव आहे, शाळा दोन शिक्षकांची आहे, पट विसाच्या आत आहे. ज्यांना जिल्हा परिषदेची शाळा माहीत आहे त्यांना एवढ्यावरून कळेल की इथे एकाने जरी मूल काढून शेजारच्या गावात घातलं तरी पोटात गोळा येतो. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याची चर्चा सुरू झाल्यापासून तर जास्तच.

रत्नागिरी जिल्ह्याने प्रकल्पांचे वाद एकामागून एक पाहिले. गुहागरकडे १९९० च्या दशकात एन्रॉन झालं. आमच्या तालुक्यात माडबनच्या अणुऊर्जा प्रकल्पासाठी नऊशेहून जास्त हेक्टर जमीन संपादित झाली आणि १८ एप्रिल २०११ रोजी साखरी नाट्यात पोलीस गोळीबारात एक तरुण मच्छीमार गेला. मग नाणारची रिफायनरी आली, वर्षाला सहा कोटी टन तेल शुद्ध करणारी. मार्च २०१९ मध्ये ती रद्द झाल्याचं सरकारने जाहीर केलं. जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने केंद्राला रिफायनरीसाठी बारसूची जागा सुचवली. फेब्रुवारी २०२३ मध्ये रिफायनरीबद्दल लिहिणारे पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला राजापुरात गाडीने धडक दिली, ते गेले, आणि खुनाचा गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी एप्रिलच्या शेवटी बारसूच्या सड्यावर माती परीक्षणाची यंत्रं चढली. रणरणत्या उन्हात बायका रस्त्यावर आडव्या झाल्या आणि २८ तारखेला अश्रुधुराची नळकांडी फुटली.

वर्तमानपत्रात याची बातमी सरकार विरुद्ध ग्रामस्थ अशी येते. गावात ती भाऊ विरुद्ध भाऊ अशी असते. आमच्याकडे एकेका सातबाऱ्यावर दहा-वीस नावं असतात. त्यातली निम्मी मुंबईकडे, लालबाग नाही तर नालासोपाऱ्याला. एका चुलत्याने तिकडे बसून हिस्सा विकला की इथे राहणाऱ्याला शेजारी कोण आला ते पाटीवरून कळतं. एका भावाने संमती दिली, दुसऱ्याने दिली नाही, आणि घर एकच. मग पडवीत भिंत येते. गणपतीत आरतीला कोण येतं, शिमग्यात पालखी कोणाच्या अंगणात टेकते, मयताला कोण खांदा देतं, या सगळ्यात ती भिंत उमटते. वाळीत टाकणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे, २०१६ चा कायदा २०१७ पासून लागू झाला. पण कायद्याच्या हाती लागेल असं सहसा कोणी काही करत नाही. बोलावणं येत नाही, इतकंच.

शाळेत हे सगळं लहान होऊन येतं. कबड्डीचे संघ पाडायला सांगितलं की ते वाडीप्रमाणे पडतात, आणि वाड्या बाजूप्रमाणे वाटलेल्या. पेन्सिल देण्याघेण्यावरून भांडण झालं आणि सात वर्षांचा मुलगा दुसऱ्याला ‘दलाल’ म्हणाला. समोरचा काही न बोलता रडायला लागला. दोघांनाही शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता. तो लागतो कुठे, ते मात्र दोघांनाही ठाऊक होतं.

अशा वेळी आपल्याकडे जे करतात ते सगळं मी करत होते. परिपाठात एकीवरची गोष्ट, फळ्यावर सुविचार, भांडलेल्यांना हातात हात द्यायला लावणं. मुलं हात देतात आणि खिडकीतून बाहेर बघतात. उपदेशाने मुलं गप्प होतात, आणि आमच्या गावात गप्प बसणं हाच तर आजार आहे. अबोला धरणारी मोठी माणसं त्यांना घरी रोज दिसतात. शाळेने त्यांना आणखी गप्प करायचं नाही, बोलायचं कसं ते द्यायचं, हे मला तिथे पटलं.

मुलांशी तत्त्वज्ञानाच्या वाटेने बोलता येतं हे मी वाचून शिकले. अमेरिकेतले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक मॅथ्यू लिपमन यांनी १९७० च्या दशकात शाळकरी मुलांसाठी हे काम उभं केलं. मुलांनी गोलात बसायचं, एक गोष्ट किंवा प्रसंग घ्यायचा, प्रश्न मुलांनीच काढायचा आणि सगळ्यांनी मिळून त्याचा पाठपुरावा करायचा. आपल्याकडे सुंदर सरुक्कई यांनी मुलांसाठी तत्त्वज्ञानावर सोप्या भाषेत पुस्तक लिहिलं आहे. पण मला खरा धीर आला तो बेलफास्टमुळे. उत्तर आयर्लंडमधल्या त्या शहरात आर्डॉइन नावाची वस्ती आहे. २००१ मध्ये तिथे कॅथलिक मुलींना शाळेत जाताना दुसऱ्या बाजूच्या जमावाच्या शिव्या ऐकत, पोलीस आणि सैनिकांच्या रांगेमधून चालत जावं लागत होतं. त्याच वस्तीतल्या मुलांच्या प्राथमिक शाळेत केविन मॅकारेव्ही नावाच्या मुख्याध्यापकांनी तत्त्वज्ञान शिकवायला घेतलं. ‘यंग प्लेटो’ नावाचा माहितीपट त्यावरच आहे. आमच्या गावाची त्या वस्तीशी बरोबरी होत नाही. तिथे तीन दशकं माणसं मरत होती. तरी मारामारी करून आलेल्या मुलाला ‘का केलंस’ एवढं विचारून न थांबता, तुला असं का वाटलं, दुसरं काय करता आलं असतं, असं धीराने विचारत राहणारा मुख्याध्यापक पाहिला आणि वाटलं, हे कातळावरही होईल.

शनिवारी सकाळची शाळा असते. त्या दिवशीचा एक तास मी याला दिला. तासाला नाव मुलांनीच दिलं, ‘कारणाचा तास’. सतरंजीवर गोल बसायचं. मधे गारंबीची मोठी बी ठेवायची. ज्याच्या हातात बी, त्याने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. ‘मला पटतं’ किंवा ‘मला पटत नाही’ म्हणायचं, आणि पुढे ‘कारण’ हा शब्द आलाच पाहिजे. माणसाचं नाव घेऊन नाही म्हणायचं नाही, त्याच्या म्हणण्याला नाही म्हणायचं. मी स्वतःला एक नियम घालून घेतला. प्रकल्पाचं नाव मी काढायचं नाही, मुलांनी काढलं तर टाळायचं नाही, आणि माझं मत सांगायचं नाही. शेवटचं सगळ्यात अवघड. मला मत आहे, आणि ते मला मनापासून वाटतं. पण आठ वर्षांच्या मुलासमोर बाईंचं मत म्हणजे उत्तरपत्रिकेतलं बरोबर उत्तर होतं, आणि मग तास संपतो.

पहिले काही शनिवार नुसतेच गेले. मुलं ‘कारण’ म्हणायची आणि पुढे ‘माझे पप्पा म्हणतात’ असं यायचं. मी विचारायची, पप्पा असं का म्हणत असतील? तेव्हा कुठे एकेक जण घराबाहेर पडून स्वतः विचार करू लागला.

एकदा मी आंब्याचा प्रश्न घेतला. झाड एकाचं, फांदी गडग्यावरून शेजाऱ्याच्या हद्दीत गेली आहे, पिकलेला आंबा पलीकडे पडला. कोणाचा? कोकणातल्या मुलांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

‘झाड ज्याचं त्याचा,’ चौथीतला एक मुलगा म्हणाला. ‘कारण खत त्याने घातलं, फवारणी त्याने केली.’

‘मला पटत नाही,’ दुसरीतली मुलगी बी उचलून म्हणाली. ‘कारण सावली आमच्या तरव्यावर पडते. रोपं पिवळी होतात. आंबा त्याचा तर सावली पण त्याचीच. ती पण घेऊन जा म्हणावं.’

सगळे हसले. तो मुलगा हसला नाही. त्याने बी मागून घेतली, बराच वेळ हातात फिरवली आणि म्हणाला, ‘ही म्हणते ते बरोबर आहे. फायदा घ्यायचा तर नुकसान पण घ्यायला पाहिजे.’ या दोघांची घरं समोरासमोरच्या बाजूंची आहेत आणि दोन्ही घरच्या माणसांचं बोलणं बंद आहे. ‘ही म्हणते ते बरोबर आहे’ हे वाक्य त्या दोन घरांच्या मधे बऱ्याच वर्षांत कोणी उच्चारलं नसेल. आणि फायदा कोणाचा, नुकसान कोणाचं, हा प्रश्न तर अख्ख्या तालुक्याचा आहे. अधिकाऱ्यांच्या सभेत मी तो इतका स्वच्छ मांडलेला ऐकलेला नाही.

दुसरा एक तास माझ्या लक्षात कायमचा राहिला आहे. सगळे म्हणतात ते खरं असतं का, असा विषय होता. मी पृथ्वीचं उदाहरण दिलं. एके काळी कितीतरी माणसांना ती सपाट वाटत होती, म्हणून ती सपाट होती का? मुलं एका सुरात ‘नाही’ म्हणाली. सोपंच होतं. मग सहसा न बोलणाऱ्या एका मुलाने हात पुढे केला. त्याच्या घरावर गावकीने दंड बसवला होता, सगळ्यांना माहीत होतं. बी हातात आल्यावर तो म्हणाला, ‘बैठकीत सगळ्यांनी हात वर केले. मग माझे आजोबा खोटे झाले काय?’

मी काही बोलणार नव्हतेच, पण त्या क्षणी मला बोलताही आलं नसतं. गोलात त्या बैठकीत हात वर करणाऱ्यांचीच मुलं बसली होती. ज्याचे आजोबा त्या बैठकीचे प्रमुख होते, तो बरोबर समोर होता. त्यानेच बी घेतली. ‘मला वाटतं खोटे नाही झाले,’ तो म्हणाला. ‘हरले. कारण हात मोजले तर कोण जास्त ते कळतं. कोण खरं ते कळत नाही.’

नऊ वर्षांचा मुलगा. लोकशाहीवर मोठमोठे ग्रंथ लिहिणाऱ्यांना बहुमत आणि सत्य यांच्यातला हा भेद सांगायला प्रकरणं लागतात. त्याने तो सांगितला, आणि ज्याला त्याची गरज होती त्याला उद्देशून सांगितला. पुढे त्यांनी अर्धा तास बडबड केली. मग हात मोजायचे तरी कशाला? न मोजता ठरवायचं कसं? हरलेल्याला दंड का? या शेवटच्या प्रश्नावर कोणाकडेच ‘कारण’ नव्हतं. मी तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला.

अशा तासाची झळ घरी पोचते. एका मुलाचे वडील शाळेत आले. चिडले होते, पण बोलणं मर्यादेत होतं. ‘बाई, हा मला विचारतो, पप्पा तुम्हाला हे कशावरून माहीत? तुम्ही पोरांना उलट उत्तरं द्यायला शिकवता. आणि एवढ्याशा पोरांना कसलं आलंय तत्त्वज्ञान?’

मी त्यांना शनिवारी तासाला बसायला बोलावलं. ते दारापाशी, चपलांच्या जवळ बसले. त्या दिवशी कठोपनिषदातल्या नचिकेताची गोष्ट होती. वडील यज्ञात म्हाताऱ्या, भाकड गायी दान देत आहेत हे मुलाला दिसलं. असल्या दानाने काय साधणार, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याने विचारलं, मला कोणाला देणार? तीनदा विचारलं. वडील रागावून म्हणाले, यमाला. मुलं त्यावर तुटून पडली. तो उद्धट होता का? एक म्हणाली, होता, कारण मोठ्यांना सारखं सारखं विचारायचं नसतं. दुसरा म्हणाला, नव्हता, कारण त्याला वडिलांची काळजी होती, पाप त्यांना लागलं असतं. एक जण म्हणाला, ‘वडिलांना राग आला कारण त्यांना पण माहीत होतं.’ दारापाशी बसलेल्या गृहस्थांनी मान खाली घातली. ते पुन्हा तासाला आले नाहीत. पण मुलाला शाळेतून काढलं नाही, आणि तो अजूनही प्रश्न विचारतो.

एवढ्याशा पोरांना तत्त्वज्ञान कशाला, हे मला अनेकांनी ऐकवलं आहे, शिकलेल्या माणसांनीसुद्धा. त्यांना मी आळंदीची आठवण करून देते. संन्यास सोडून आलेल्या बापाची चार मुलं गावाने वाळीत टाकली. त्यांना मुंज नाकारली, जवळ करायला कोणी तयार नव्हतं. त्या मुलांनी काय केलं? विचार केला. त्यातल्या एकाने कोवळ्या वयात, १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी पुरी केली, आणि तो रुसून ताटी लावून बसला तेव्हा सगळ्यात धाकट्या बहिणीने त्याची समजूत घातली, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. ज्या महाराष्ट्राचं आवडतं तत्त्वज्ञान वाळीत टाकलेल्या मुलांनी दिलं, त्याने मुलांना काय कळतं असं म्हणू नये.

पावसाळा संपल्यावर एकदा मुलांना बारसूच्या सड्यावर कातळशिल्पं बघायला नेलं. कोकणातल्या कातळशिल्पांची काही ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यात बारसू आहे. जांभ्यावर माणसाची मोठी आकृती आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन जनावरं. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी सडे पायी तुडवून ही शिल्पं शोधली नसती तर आम्हाला पायाखालचं दिसलं नसतं. गवत सोनेरी झालं होतं, चिरा तापायला लागला होता. मुलं चपला काढून कडेने उभी राहिली.

‘हे वाघ त्याला खायला आलेत,’ एकाने ठरवून टाकलं.

‘कारण?’ दोघीतिघी ओरडल्या. गारंबीची बी शाळेतच राहिली होती, तरी नियम सोबत आला होता.

‘नाही, त्याने दोघांना दोन बाजूंना धरलंय. सोडलं तर एकमेकांना खातील.’

‘तिघं फोटो काढतायत,’ पहिलीतला म्हणाला, आणि त्याचंही म्हणणं सगळ्यांनी विचारात घेतलं, कारण कोणाला दाखवायचं नसेल तर एवढं मोठं कोरेल कशाला? मग त्या तिसरीतल्या मुलीने, जिने मला पहिल्यांदा विचारलं होतं, तिने विचारलं, ‘ज्याने कोरलं त्याच्या नावावर होती काय ही जमीन? तेव्हा सातबारा होता काय?’ नव्हता, म्हटलं. ‘मग त्याला आपलं काय ते कसं कळायचं?’ परतताना रस्ताभर यावरच बोलणं चाललं होतं. वाड्या विसरून चालली होती असं मी म्हणणार नाही. पण ज्याचं म्हणणं ऐकायचं त्याच्या शेजारी चालायला लागतं, म्हणून रांगा मिसळल्या होत्या.

या कामाचं कौतुक झालं तेव्हा मी जास्त सावध झाले. भेटीला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी म्हटलं, छान, पुढची पिढी समंजस होईल, विरोध करणार नाही. काही दिवसांनी आंदोलनातल्या एका बाईंनी पाठीवर हात ठेवून म्हटलं, छान, आता पोरं कोणाचं ऐकणार नाहीत. दोघांनाही मी तेच सांगितलं. ही मुलं तुमच्यासाठी तयार होत नाहीत. गावातलं भांडण खोटं नाही. जमीन, पाणी, मासा, पोटापाण्याची नोकरी, मुंबईला जावं लागणं, ही सगळी खरी कारणं आहेत, आणि त्यांच्यासाठी माणसं उन्हात झोपली ती वेडी नव्हती. ज्यांना कारखाना हवा आहे त्यांच्याही घरी बेकार मुलगा बसलेला असतो. त्या भांडणावर शांततेची चादर घालण्याचं काम शाळेने करू नये. मुलांना सौम्य करणं हा माझा हेतू नाही. उद्या ती मोठी होऊन कडाडून विरोध करतील किंवा जोरात पाठिंबा देतील, दोन्ही मला चालेल. फक्त समोरच्याला दलाल किंवा विकासाचा वैरी म्हणण्याआधी त्यांनी ‘कशावरून’ एवढं विचारलेलं असावं, आणि वाद झाल्यावर संध्याकाळी त्याच विहिरीवर पाणी भरता यावं.

मोठ्यांत काही फरक पडला का? पडवीतली भिंत आहे तिथेच आहे. मुलं पाचवीला दुसऱ्या शाळेत जातात, तिथे गोल नसतो, बाकं असतात. एका तासाने गाव जुळत नाही. पण वर्गात आता शिवी दिली तर दुसरा विचारतो, ‘म्हणजे काय? कारण सांग.’ शिवी देणाऱ्याकडे बहुतेक वेळा कारण नसतं. कबड्डीचे संघ चिठ्ठ्या टाकून पाडायचे, हा ठरावही मुलांनीच केला. हात मोजून नव्हे, अर्धा तास बोलून.

ज्या शिक्षकांच्या गावात असा तंटा चालू आहे, मग तो प्रकल्पाचा असो, पालखीच्या मानाचा असो की पाणंदीचा, त्यांना माझी विनंती आहे. शनिवारचा एक तास काढा. साहित्य लागत नाही, निधी लागत नाही, परवानगी मिळायला अडचण येत नाही. एक सतरंजी आणि हातात धरायला एखादी बी पुरते. तुमचं मत तेवढ्या वेळापुरतं बाजूला ठेवा आणि मुलांचं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबा. आणि गावकऱ्यांनो, तुमचे वाद तुम्ही हवे तितके लढा, पण शाळेत मुलांना वेगवेगळं बसवायला सांगू नका. आमच्या शाळेत ती एकाच सतरंजीवर बसतात.